स्तूपातले धन कोणते?



आपल्या मुलांच्या हातात एका ठरावीक घाटाच्या साहसकथा नेहमी दिसतात. चित्रपटही तसलेच. कुठल्या तरी धर्माची एक पवित्र वस्तू हजारो वर्षांपासून हरवलेली असते. तिचा ठावठिकाणा सांगणारा फाटका नकाशा नायकाला सापडतो. मागे खलनायकाची टोळी लागते. मग भुयारे, सापळे, राखणदार नाग, आणि सर्वांत शेवटी एक पेटी. पेटीचे झाकण सरकले की आतून डोळे दिपवणारा प्रकाश बाहेर पडतो आणि लोभी माणसाचा जागच्या जागी कोळसा होतो. मुले श्वास रोखून वाचतात. वाचू द्या. साहसाची गोडी लागणे काही वाईट नाही.

पण या कथा एक गोष्ट न बोलता शिकवून जातात. ती अशी की वस्तूमध्ये शक्ती असते. वस्तू ज्याच्या हाती, शक्ती त्याच्या हाती. आणि नेमकी हीच समजूत सोडण्यासाठी आपण धम्मदीक्षा घेतली ना? आपण देवांचे टाक नदीत सोडले, गंडे-दोरे तोडले, भगताचा अंगारा बंद केला. देव्हारा मोकळा झाला. त्या जागी भगवान बुद्धांची आणि बोधिसत्त्व बाबासाहेबांची प्रतिमा आली. पण जुनी सवय मोठी चिवट असते. ती प्रतिमेच्या मागून हळूच घरात परत येते. बुद्धांच्या अस्थी दर्शनासाठी येणार असे कानावर आले की कोणी तरी विचारतेच, ‘‘त्यांच्या दर्शनाने दुखणे बरे होते का हो?’’ विचारणारी माऊली भाबडी असते, तिला हसू नका. मात्र तिला उत्तर देता आले पाहिजे. म्हणून आजचा पाठ अस्थींवर आणि त्यांच्या शोधावर आहे. या शोधाच्या खऱ्या हकिकती साहसकथांइतक्याच थरारक आहेत. फक्त त्यांतल्या पेट्या उघडल्यावर काय निघाले, ते नीट पाहायचे आहे.

आधी शब्द समजून घेऊ. पाली भाषेत अशा अवशेषांना ‘धातू’ म्हणतात. तांबे-लोखंड या अर्थाचा हा धातू नव्हे. बुद्धांच्या किंवा अर्हतांच्या देहाचे दहन झाल्यावर मागे उरलेल्या अस्थी म्हणजे शारीरिक धातू. त्यांनी वापरलेले भिक्षापात्र, चीवर, ज्याच्या खाली ते बसले तो बोधिवृक्ष, ही दुसरी जात. त्यांची आठवण म्हणून घडवलेली मूर्ती ही तिसरी. धातू मध्ये ठेवून त्याभोवती माती-विटांचा भरीव घुमट रचला की तो स्तूप झाला. लेण्यांच्या वर्णनात तुम्ही ‘दागोबा’ हा शब्द वाचला असेल. तो सिंहलद्वीपाकडचा शब्द, आणि त्याचे मूळ ‘धातुगर्भ’, म्हणजे ज्याच्या पोटात धातू आहे तो.

या अस्थींसाठी पहिली चढाओढ झाली ती कुशीनगरलाच, चितेची राख निवते न निवते तोच. मल्ल म्हणाले, भगवंतांचे महापरिनिर्वाण आमच्या गावात झाले, अस्थी आमच्या. मगधाचा अजातशत्रू, वैशालीचे लिच्छवी, कपिलवस्तूचे शाक्य, रामग्रामचे कोलिय, पावाचे मल्ल आणि आणखी दोघे, सर्वांचे दूत येऊन उभे राहिले. ज्यांनी आयुष्यभर वैर शमवण्याचा उपदेश केला त्यांच्या अस्थींवरून तलवारी निघायची वेळ आली. तेव्हा द्रोण नावाच्या ब्राह्मणाने सर्वांना समजावून आठ समान वाटे केले. ज्या भांड्याने वाटे मोजले ते भांडे त्याने स्वतःसाठी मागून घेतले, आणि उशिरा आलेल्या पिप्पलिवनाच्या मोरियांना चितेतले कोळसे मिळाले. असे दहा स्तूप झाले. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हा अस्थींचा तंटा सांगितला आहे. घरात ग्रंथ असेल तर तो भाग काढून आज रात्री मोठ्याने वाचा.

पुढे सम्राट अशोकाने यांतले सात स्तूप उघडून त्यांतील धातू देशभर वाटले, रामग्रामचा मात्र नागांनी उघडू दिला नाही, अशी कथा बौद्ध वाङ्मयात आहे. नागांची गोष्ट ही गोष्ट म्हणून ऐका. नेपाळातल्या रामग्रामचा मुख्य स्तूप मात्र आजही कोणी फोडलेला नाही, हे खरे आहे.

आता शोधकांकडे वळू. शोधकांतही जाती आहेत. काहींना विटा हव्या होत्या, काहींना सोने, काहींना नावलौकिक, आणि थोड्यांना ज्ञान.

सारनाथपासून सुरुवात करू. जिथे भगवंतांनी पहिले प्रवचन दिले, त्या जागी धर्मराजिका नावाचा मोठा स्तूप होता. काशीचे राजे चेतसिंह यांचे दिवाण जगतसिंह यांना काशीत एक पेठ वसवायची होती. तिला लागणाऱ्या विटा-दगडांसाठी त्यांच्या माणसांनी १७९४ साली हा स्तूप पाडायला घेतला. पाडता पाडता आत दगडी पेटी लागली. पेटीत संगमरवरी करंडक. करंडकात थोड्या मानवी अस्थी, झिजलेले मोती, सोन्याचे पत्रे. अस्थींचे काय केले? गंगेत सोडल्या. मनात दुष्टावा होता असे मी म्हणणार नाही. त्यांच्या समजुतीप्रमाणे अस्थींना सद्गती देण्याचा तोच मार्ग. पण विचार करा, स्तूप कोणाचा, अस्थी कोणाच्या, हे विचारणारे एकही माणूस तिथे उरले नव्हते. ही हकिकत जोनाथन डंकन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवली म्हणून आपल्याला कळते. हाच डंकन पुढे मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला. सुमारे ४० वर्षांनी, १८३५ साली, अलेक्झांडर कनिंगहॅम हा तरुण लष्करी अधिकारी तिथे पोचला. पोरवयात ते खोदकाम पाहिलेल्या एका म्हाताऱ्याने त्याला जागा दाखवली, आणि बाहेरची दगडी पेटी तिथेच पडलेली सापडली. रिकामी. आज तुम्ही सारनाथला गेलात तर धर्मराजिकेचे नुसते गोल जोते दिसते.

सांची त्या मानाने दैवाची म्हटली पाहिजे. जनरल टेलर याने १८१८ साली पाहिली तेव्हा टेकडी झाडाझुडपांत बुडालेली होती, पण मोठा स्तूप शाबूत होता. चारच वर्षांनी, १८२२ साली, भोपाळच्या कॅप्टन जॉन्सनने आत काही तरी घबाड असेल या आशेने तो एका बाजूने वरपासून खालपर्यंत फोडला. हाती काहीच लागले नाही. भगदाड मात्र तसेच राहिले, पावसाळ्यामागून पावसाळे त्यात मुरले, आणि पश्चिमेचे तोरण व कठड्याचा काही भाग कोसळला. दोन हजार वर्षे टिकलेली वास्तू घबाडाच्या एका हावेने ढासळली. तिथलाच अशोकस्तंभ एका जमीनदाराने उसाच्या चरकासाठी फोडला. सम्राटाचा लेख कोरलेला दगड, आणि त्याचा उपयोग काय, तर रस गाळायचा!

सांचीतला पहिला खरा शोध टिकावाने लागला नाही, तो वाचण्याने लागला. स्तूपाच्या कठड्यांवर बारीक बारीक लेख कोरलेले होते. ते कोणालाच वाचता येत नव्हते, कारण ब्राह्मी लिपी देश विसरून गेला होता. त्या लेखांचे ठसे कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप याच्याकडे पोचले. हा टांकसाळीतला अधिकारी. त्याला नाण्यांचा आणि लिप्यांचा नाद. त्याच्या ध्यानात आले की बहुतेक लेखांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो. लोक देवस्थानाला काही देतात तेव्हा दगडावर काय लिहितात? अमक्याचे दान! ती दोन अक्षरे ‘दानं’ अशी असतील, हा तर्क त्याने १८३७ साली केला, आणि तो बरोबर निघाला. त्या दोन अक्षरांच्या किल्लीने ब्राह्मीचे कुलूप निघाले. अशोकाचे शिलालेख बोलू लागले. ज्या राजाने धम्म देशोदेशी नेला त्याची स्वतःच्या तोंडची भाषा आपल्या कानी आली, ती या दानाच्या शब्दामुळे.

आणि दान देणारे कोण होते, ते ऐका. विणकर, कारागीर, व्यापारी, भिक्खू, भिक्खुणी, आणि कितीतरी गृहिणी. दक्षिण तोरणावरचे एक शिल्प विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्यांनी कोरून दिले. त्याच तोरणावर राजा सातकर्णीच्या कारागिरांच्या मुखियाचे नाव आहे. त्याचे नाव आनंद. सातवाहनांचे राज्य आपल्या पैठणचे, तेव्हा हा धागा आपल्यापर्यंत येतो. राजाच्या खजिन्यातून एकदम पैसा आला आणि कठडा झाला असे नाही. कोणी एक खांब दिला, कोणी एक आडवी शिळा दिली. तुमच्या वस्तीतला विहार कसा झाला ते आठवा. कोणी सिमेंटच्या गोण्या दिल्या, कोणी पत्रे, कोणी आठ दिवसांची मजुरी. अगदी तसेच.

त्यानंतर १८५१ साली कनिंगहॅम आणि कॅप्टन मेसी यांनी सांचीचे स्तूप पुन्हा उघडले. तिसऱ्या क्रमांकाच्या लहान स्तूपात मधोमध खाली उतरल्यावर एक लांबरुंद शिळा लागली. शिळा उचलली तर खाली दोन दगडी पेट्या शेजारी शेजारी. एकीच्या झाकणावर सारिपुत्ताचे नाव, दुसरीवर महामोग्गल्लानाचे. भगवंतांचे दोन अग्रश्रावक! श्वास रोखायची जागा हीच. आत गुळगुळीत पांढऱ्या दगडाचे करंडक होते. सारिपुत्ताच्या करंडकात अस्थीचा एक तुकडा, इंचभरही लांब नाही असा. बरोबर मोती, स्फटिक वगैरेंचे सात मणी. करंडकाशेजारी चंदनाचे दोन तुकडे. मोग्गल्लानाच्या करंडकात अस्थीचे दोन कण. झाकणांच्या आतल्या बाजूला शाईने एकेक अक्षर लिहिलेले होते, एकावर ‘सा’ आणि दुसऱ्यावर ‘म’. दोन हजार वर्षांपूर्वी कोणा भिक्खूने अदलाबदल होऊ नये म्हणून केलेली ती खूण. सोन्यानाण्याचा शोध घेणाऱ्याच्या दृष्टीने ही पेटी रिकामीच म्हणायची.

इथे थोडे थांबू, कारण या पाठाचा गाभा इथे आहे. सारिपुत्त भगवंतांच्या आधी परिनिर्वाण पावले. त्यांचे पात्र आणि चीवर घेऊन श्रामणेर चुंद श्रावस्तीला आला, ही हकिकत संयुत्त निकायात आहे. बातमी ऐकून आनंदाला दिशा सुचेनाशा झाल्या. भगवंतांनी त्याला काय विचारले? सारिपुत्त जाताना तुझे शील बरोबर घेऊन गेला काय? तुझी समाधी, तुझी प्रज्ञा घेऊन गेला काय? आनंद म्हणाला, नाही भगवन्, पण ते आम्हाला उपदेश करीत, धीर देत, त्याची आठवण येते. भगवंतांनी त्याच्या दुःखाला दोष दिला नाही. स्वतःचा आधार स्वतः हो, धम्माचा आधार घे, असे सांगितले. पात्र-चीवर समोर असताना हा संवाद झाला, हे लक्षात ठेवा. पुढे स्वतःच्या बाबतीतही भगवंतांनी आनंदाला सांगितले की भिक्खूंनी माझ्या देहाच्या पूजेत गुंतून पडू नये, श्रद्धावान गृहस्थ ते पाहतील. आणि जो धम्माप्रमाणे वागतो तोच माझी खरी पूजा करतो.

म्हणजे आपल्याला, गृहस्थांना, धातूंचा आदर करण्याची मोकळीक आहे. आपण ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जातो, दीक्षाभूमीवरील अस्थिकलशापुढे हात जोडतो. ते योग्यच आहे. पण बाबासाहेबांच्या अस्थींकडे आपण कधी नोकरी मागतो का? मूल मागतो का? नाही. त्यांनी काय केले ते आठवते, डोळे भरून येतात, आणि आपण काय केले हा प्रश्न मनात उभा राहतो. भगवंतांच्या आणि त्यांच्या शिष्यांच्या धातूंपुढेही आपण असेच उभे राहायचे. बुद्ध मार्गदाता आहेत, मोक्षदाता नाहीत, हे वाक्य आपल्यातल्या लहान मुलालाही पाठ असते. ते धातूंनाही लागू आहे.

सारिपुत्त-मोग्गल्लानांच्या धातूंचा पुढचा प्रवास लांबचा झाला. मेसीच्या वाट्याचे धातू लंडनच्या संग्रहालयात गेले आणि काचेच्या कपाटात कलावस्तू म्हणून राहिले. बौद्धांनी ते परत मागितले, १९३९ साली परतीचे ठरले, तेवढ्यात महायुद्ध सुरू झाले. अखेर १९४७ साली ते श्रीलंकेत आले, जानेवारी १९४९ मध्ये कलकत्त्याला पोचले, ब्रह्मदेशात, लडाखमध्ये दर्शनासाठी फिरले, आणि ३० नोव्हेंबर १९५२ रोजी सांचीच्या नव्या चेतियगिरी विहारात विसावले. शंभर वर्षांनी घरी. स्तूपाची डागडुजी त्याआधीच जॉन मार्शल यांनी १९१२ पासून सात वर्षे खपून केली होती, आणि त्यासाठी भोपाळच्या मुसलमान बेगमांनी सढळ हाताने पैसा दिला होता. हेही मुलांना जरूर सांगा.

आपल्या दाराशीच घडलेली हकिकत म्हणजे सोपाऱ्याची, आजचे नालासोपारा. प्राचीन काळी हे मोठे बंदर होते. तिथल्या एका टेकाडाला गावकरी ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. बुद्धाचे नाव विसरले गेले, आणि टोपल्या विणणाऱ्या कोणा राजाचा किल्ला म्हणून स्तूप लोकांच्या तोंडी राहिला. पंडित भगवानलाल इंद्रजी, डॉ. भाऊ दाजींच्या हाताखाली तयार झालेले विद्वान, यांनी १८८२ साली तो उकरला. मोठ्या दगडी पेटीत तांब्याचा करंडक, भोवती ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा करंडक, चांदीच्या आत दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. मधल्या जागेत सोन्याची फुले. आणि सर्वांत आत, सोन्याच्या करंडकात, काय? मातीच्या भांड्याची बारीक बारीक खापरे. भगवंतांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ती श्रद्धेने जपून ठेवली होती, असे पंडितजींनी मानले. ते पात्र खरोखर भगवंतांचे होते की नाही, हे कोणी सिद्ध करू शकत नाही. पण ठेवणाऱ्यांचे मन पाहा. जगाच्या हिशेबात सोने आत ठेवतात आणि माती बाहेर. यांनी उलट केले. भीक मागून जेवणाऱ्या माणसाच्या मातीच्या ताटलीला सोन्याचे आवरण दिले. या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

अशी टेकाडे, पडकी लेणी, ‘राक्षसाचा वाडा’ म्हणून ओसाड टाकलेल्या जागा तुमच्याही गावाकडे असतील. आणि तिथे गुप्तधन आहे अशी कुजबुजही असेल. पायाळू माणसाला जमिनीतले धन दिसते, अमावास्येला बळी दिला की धनाची राखण उठते, असे सांगणारा एखादा मांत्रिकही असेल. या वेडापायी कितीतरी कुटुंबे कर्जात बुडाली, आणि याहून वाईट म्हणजे अजाण पोरांचे जीव गेले. गरिबाघरच्या पोरांवरच ही पाळी आधी येते, हे वेगळे सांगायला नको. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुप्तधनासाठी केलेली अघोरी कृत्ये गुन्हा ठरवली आहेत. जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवले पाहिजे, असे १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो. तेव्हा नांगराला कोरीव दगड लागला, विहीर खणताना मूर्ती निघाली, तर ती उचलून घरी नेऊ नका, शेंदूर फासू नका आणि फासू देऊ नका. जागेवरच राहू द्या, तहसीलदाराला आणि पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा. मूर्ती कोणत्या थरात, कशाशेजारी होती, यावरून तिचे वय ठरते. जागेवरून हलवली की तिची अर्धी वाचा गेली.

अस्थींच्या व्यापारात लबाडीही पुष्कळ झाली. लखनौचा सरकारी पुरातत्त्व अधिकारी डॉ. फ्यूरर याचेच पाहा. लुंबिनीच्या अशोकस्तंभाच्या शोधात त्याचा हात होता, विद्वान म्हणून नाव होते. पण याच गृहस्थाने ब्रह्मदेशच्या एका श्रद्धाळू भिक्खूला बुद्धांचे म्हणून खोटे अवशेष विकले. त्यांतला दात तर माणसाचाही नव्हता. तो घोड्याचा असल्याचे सांगतात. प्रकरण बाहेर आले आणि १८९८ साली त्याला नोकरी सोडावी लागली. म्हणून ‘आमच्याकडे अस्सल बुद्धधातू आहेत, इतकी देणगी द्या’ असे म्हणत कोणी दाराशी आला तर त्याला चहा पाजा आणि रिकाम्या हाताने परत पाठवा. धातूंची किंमत सांगणारा माणूस धम्माचा नव्हे.

आणि किंमत सांगणारे दरवेळी भामटेच असतात असेही नाही. त्याच १८९८ साली, त्याच तराईच्या मुलुखात, उत्तर प्रदेशातल्या पिपरहवा गावी विल्यम पेपे नावाच्या इंग्रज जमीनदाराने आपल्या जमिनीतले टेकाड उकरले. साधारण अठरा फुटांवर अखंड दगडाची एक प्रचंड पेटी लागली, वजन सुमारे ७०० किलो. आत पाच भांडी. त्यांतले एक स्फटिकाचे, झाकणावर माशाची मूठ असलेले. अस्थी होत्या, आणि सुमारे १८०० रत्ने, मणी, सोन्याची नाजूक फुले. एका लहान भांड्याच्या झाकणावर ब्राह्मीत एक ओळ कोरलेली होती. हे निधान भगवान बुद्धांच्या अस्थींचे, शाक्यांचे, असा तिचा आशय बहुतेक विद्वान मानतात.

मग सरकारने वाटणी केली. द्रोणाची वाटणी तंटा मिटवण्यासाठी होती, ही वेगळी. अस्थी सयामच्या चुलालंकरण राजाला दिल्या, आणि त्याने त्यांतून ब्रह्मदेश व श्रीलंकेच्या बौद्धांना वाटा दिला. रत्ने बहुतेक कलकत्त्याच्या संग्रहालयात गेली. सुमारे पाचवा हिस्सा पेपे यांना ठेवू दिला. ज्या मातीत अस्थी निघाल्या तिथे ‘त्या आमच्या आहेत’ असे म्हणणारा समाजच तेव्हा नव्हता. कोणाला विचारणार? पुढे के. एम. श्रीवास्तव यांनी १९७१ ते १९७३ या काळात तिथेच आणखी खोल खोदले. पेपेच्या पेटीच्याही खाली, जुन्या विटांच्या कोनाड्यांत दोन करंडक होते, आणि त्यांत जळलेल्या अस्थींचे तुकडे, एकूण २२. पेपे थोडक्यात थांबला होता.

पेपेंच्या वाट्याची रत्ने घराण्यात पिढ्यान् पिढ्या राहिली. मे २०२५ मध्ये हाँगकाँगला सोदबीज या लिलावगृहाने ती विक्रीस काढली. या वेळी मात्र विचारणारे होते. देशोदेशीच्या बौद्धांनी आवाज उठवला, भारत सरकारने नोटीस दिली, लिलाव थांबला. ३० जुलै २०२५ रोजी गोदरेज उद्योगसमूहाच्या साहाय्याने ती रत्ने भारतात परत आली, १२७ वर्षांनी. लिलावाची बाजू घेणारे म्हणत होते, ही रत्ने म्हणजे काही अस्थी नव्हेत, मौल्यवान खडे आहेत. त्यांना दानाचा अर्थ कळला नाही. ज्याने ते मणी अस्थींबरोबर ठेवले त्याने ते पुन्हा वर काढण्यासाठी ठेवले नव्हते. अंधारात, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी त्याने ते सोडून दिले होते.

त्या झाकणावरच्या ओळीत आणखी एक गोष्ट आहे. दान कोणी दिले ते तिथे लिहिले आहे. भावांनी दिले, बहिणींसह, मुलांसह, बायकांसह. म्हणजे सबंध घराने. सम्राटाची बिरुदे त्या ओळीत नाहीत. ते भांडे कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. तिकडे जाण्याचा योग आला तर सारे घर मिळून जा, आणि त्या ओळीत बहिणींचा व बायकांचा उल्लेख आहे, हे मुलींना आवर्जून सांगा.